फ्रीमॉंटची खाडी आणि एक दोरी

अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "लेकीच्या घरातनं समुद्र दिसतंय का वो?" मी हो म्हणून टाकलं. नकाशात तर तसंच दिसत होतं. वर सॅन फ्रान्सिस्को, मधे खाडीचं निळं पोट आणि त्या पोटाला पूर्वेकडून चिकटलेलं फ्रीमॉंट. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि हिप्परगा एवढ्या पाण्यावर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला खाडीकाठचं गाव म्हणजे दारातच लाटा, असंच वाटणार.

पहिले चार दिवस पाण्याचा थेंब दिसला नाही. घरं, झाडं, रुंद रस्ते, पुन्हा घरं, आणि पूर्वेला हिरव्यागार डोंगरांची रांग. शेवटी मी लेकीला विचारलं, "अगं, खाडी कुठाय?" ती म्हणाली, "आई, खाडी त्या तिकडे, हायवेच्या पलीकडे. इथं सगळे डोंगराकडेच बघतात." हे खरंच होतं. या गावाची पाठ पाण्याकडे आणि तोंड डोंगराकडे आहे. मार्चमध्ये मी गेले तेव्हा ते डोंगर पोपटी होते आणि मेच्या मध्यापर्यंत वाळून सोनेरी झाले. तिथं उन्हाळ्यात पाऊस नसतोच. एका सकाळी खिडकीतून तो पिवळा उतार बघताना मला क्षणभर तुळजापूर रस्त्याचं माळरान आठवलं, आणि घर सोडून आल्याचं पहिल्यांदा जाणवलं.

फ्रीमॉंट हे गाव म्हणून जुनं नाही. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं १९५६ साली एकत्र आली आणि त्यांचं एक शहर झालं. आपल्याकडे सोळा पुरांचं सोलापूर अशी व्युत्पत्ती सांगतात. शिलालेखांतल्या 'सोन्नलगे' या नावामुळे अभ्यासक ती मानत नाहीत, पण लहानपणी ऐकलेली गोष्ट मनातून जात नाही. फ्रीमॉंटच्या बाबतीत मात्र ती गोष्ट अक्षरशः खरी आहे, आणि पाची गावांचे जुने चौक अजून वेगळे ओळखू येतात. त्यामुळे या शहराला मधला भाग असा नाहीच. आपल्या नवी पेठेसारखी, जिथं उभं राहिलं की गावात आल्यासारखं वाटेल अशी जागा मी अडीच महिने शोधली. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २,३०,५०४ होती, म्हणजे आपल्या पाव सोलापूरएवढीही नाही. निम्म्याहून जास्त लोक आशियाई मुळाचे, त्यांत आपले भारतीय भरपूर. ज्वारीचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मी डबाभर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेल्या होत्या. चटणी आठ दिवसांत संपली.

नाइल्स मला सर्वांत आवडलं. रेल्वेरुळांच्या कडेला एकच जुना रस्ता आणि त्यावर लहान लहान दुकानं. हॉलीवूडचा बोलबाला व्हायच्या आधी इथं एसने या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ होता आणि १९१५ साली चार्ली चॅप्लिननं इथं पाच मूकपट केले. तिथल्या मूकपटांच्या संग्रहालयात नातीबरोबर बसून मी एक जुना पट पाहिला. तिला त्यातली पडापडी इतकी आवडली की घरी आल्यावर ती छत्री घेऊन तसंच चालत होती.

मिशन सॅन होजेला जावईबापू घेऊन गेले. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी इथं धर्मपीठ उभारलं. त्यांच्या आधी हजारो वर्षं ही जमीन ओहलोन लोकांची होती. मिशनच्या शेतावर राबले तेच, रोगराईनं मेले तेच, आणि त्यांची दफनभूमी जवळच आहे. कच्च्या विटांचं मूळ चर्च १८६८च्या भूकंपात कोसळलं. आज दिसतं ते १९८५ साली त्याच पद्धतीनं पुन्हा उभारलेलं आहे. हात लावून पाहिलं, भिंती आपल्या वाड्यांसारख्या जाड.

तो भूकंप ज्या भेगेमुळे झाला ती हेवर्ड फॉल्ट शहराच्या मधूनच जाते. एलिझाबेथ तळ्याच्या बागेजवळ जावयानं मला फुटपाथची कड दाखवली. सरळ रेषेत बसवलेले काठाचे दगड एका ठिकाणी तुटून बोटभर बाजूला गेले होते. जमीन तिथं दर वर्षी काही मिलिमीटर सरकत राहते, भूकंप नसतानाही. मी वाकून त्या फटीवर बोट ठेवलं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवली. रात्री विसर्जन मिरवणूक बघून आम्ही झोपलो होतो, चारच्या आधी भांडी खणखणली आणि गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर आली. किल्लारीचं काय झालं ते उजाडल्यावर कळलं. इथली माणसं या भेगेशेजारी शाळा, रुग्णालयं, घरं बांधून राहतात, कपाटं भिंतीला स्क्रूनं जखडतात आणि पाण्याचे कॅन भरून ठेवतात. लेकीच्या पलंगाखाली बूट आणि टॉर्च कायम ठेवलेले असतात. मला ते बघून धीर आला की काळजी वाटली, अजून ठरवता येत नाही.

खाडी शेवटी एका रविवारी पाहिली. डॉन एडवर्ड्स अभयारण्याचं मुख्य केंद्र फ्रीमॉंटमध्येच आहे. १९७२ साली स्थापन झालेलं हे शहरालगतचं अभयारण्य त्या देशातल्या अशा प्रकारच्या पहिल्या अभयारण्यांपैकी एक. टेकडीवरून खाली पाहिलं तर लाटा कुठंच नाहीत. नुसती खाजणं, चिखल आणि चौकोनी मिठागरं. काही चौकोन हिरवट, काही चक्क विटकरी लाल. खारटपणा वाढत जातो तसे त्यात जगणारे सूक्ष्म जीव बदलतात आणि पाण्याचा रंगही बदलतो. एका वाफ्यातून दुसऱ्यात असं पाणी काही वर्षं फिरवलं की शेवटी मीठ बसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथं मीठ पिकतंय. २००३ साली त्यातली १५ हजार एकरांहून जास्त मिठागरं सरकारनं विकत घेतली आणि बांध फोडून त्यांत हळूहळू भरती परत आणायचं काम सुरू केलं. जिथं पाणी आत आलंय तिथं खाजण पुन्हा धरतंय. लांब लाल पायांचा एक पक्षी चिखलात चोच घालत होता, आपल्या हिप्परग्याला दिसणाऱ्या शेकाट्याचा सख्खा चुलतभाऊ. मी बाई म्हणून शाळेत होते तेव्हा मुलांची सहल नान्नजला माळढोक दाखवायला न्यायचे. आता नान्नजला तो दिसणं किती अवघड झालंय ते आपण जाणतोच. गेलेलं पाणी, गेलेली जागा परत आणता येते हे डोळ्यांनी बघितलं आणि बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते कारखान्याबद्दल.

वॉर्म स्प्रिंग्जच्या बार्ट स्टेशनवर उतरलं की समोर पांढरी, संपता संपत नाही अशी लांब इमारत दिसते. आज ती टेस्लाची. पण ती बांधली जनरल मोटर्सनं, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. १९८२ साली ती बंद पडली. १९८४ साली जनरल मोटर्स आणि टोयोटानं मिळून 'नूमी' नावानं ती पुन्हा उघडली आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले. २०१० साली ती पुन्हा बंद, आणि त्याच वर्षी टेस्लानं घेतली. दोनदा टाळं लागलं आणि दोनदा निघालं.

माझे वडील, आण्णा, मिलमध्ये सांच्यावर म्हणजे मागावर होते. १८७७च्या जुन्या मिलपासून गिरण्यांवरच आपलं गाव वाढलं. भोंगा झाला की आई चहा टाकायची. ती मिल बंद पडली तेव्हा आण्णा पन्नाशीचे होते. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत दोन वर्षं दारात बसले, आणि मग एका टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन झाले. सांचा चालवणारा माणूस सांच्यांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून तो आवाज ऐकत रात्र काढायचा.

एलिझाबेथ तळ्याकाठी सकाळी फिरायला येणारे एक आजोबा होते. मुळात मेक्सिकोचे, ऐंशीच्या घरातले. रोज हात करायचे. एक दिवस गार वारा होता म्हणून मी सोलापुरी चादर अंगावर घेऊन बाकावर बसले होते. आजोबा जवळ आले, चादरीचं टोक हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं तर ते उलटं करून पाहिलं. माझ्या पोटात एकदम हललं. आण्णाही हेच करायचे. "सुलट कुणीबी बघतंय, उलट बघ," म्हणायचे. सोलापुरी चादरीला तशी उलट बाजू नसतेच. तेच फूल दोन्हीकडे उमटतं, फक्त रंगांची अदलाबदल होते. आजोबांनी ते ओळखलं आणि हसले.

लेकीनं मधे बसून आमचं बोलणं एकमेकांना सांगितलं. आजोबा त्या कारखान्यात होते. बंद पडला तेव्हा दोन वर्षं मिळेल ते केलं, फळबागांतही राबले. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा काहींना शिकायला जपानला पाठवलं, त्यांत तेही होते. तिथं त्यांनी ती दोरी पाहिली. गाड्या जोडायच्या लाईनवर डोक्यावरून एक दोरी जाते. काही चुकलं, हात पोचला नाही, नट बसला नाही, तर कुणाही कामगारानं ती ओढायची. मुकादम धावत येतो, मदत करतो, आणि तरी नाही जमलं तर लाईन थांबते. पूर्वी काही झालं तरी लाईन थांबवायची नाही असा शिरस्ता होता. चुकीची गाडी तशीच पुढं जायची. आजोबा म्हणाले, "पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा वाटलं, आता नोकरी गेली. तर साहेब आला आणि म्हणाला, थँक यू." हे सांगताना त्यांनी हात वर करून ती दोरी ओढून दाखवली. चाळीस वर्षांनंतरही तो हात बरोब्बर तितक्याच उंचीवर गेला.

कामगार तेच, इमारत तीच, आणि गाड्या एकदम चांगल्या निघायला लागल्या. माझ्या मनातून हे जात नाही. आमच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगार आळशी, युनियनवाले हट्टी, असं किती जणांनी सांगितलं. आण्णांच्या तोंडावर सांगितलं. त्यांना कुणी दोरी दिली असती का, असं मला विचारायचंय. यंत्रं जुनी झाली होती, बाजार बदलला होता, हे सगळं मला कळतं. तरी पण विचारायचंय.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्व भागात गेले. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट पायांतून वर येते, बोलायला आवाज चढवावा लागतो. एका ओळखीच्या कारखान्यात चादरी बघायला मागितल्या. मालकांनी चार घड्या उलगडल्या. मी प्रत्येकीचं टोक हातात घेऊन उलटं करून पाहिलं, तर मागवाल्या पोरानं माग थांबवला आणि जवळ आला. "अक्का, काय फॉल्ट हाय का?"

"नाही रे," म्हटलं, "चांगली आहे. लांब पाठवायचीय, म्हणून बघतेय."

"सिंगल का डबल?"

थंडी असते तिथं सकाळी, म्हणून डबल घेतली. लाल आणि पांढरी, मोराची.