आदिस अबाबा आणि नैरोबी : ग्रंथखरेदीच्या प्रवासाचा वृत्तांत

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आफ्रिकाविषयक संग्रह आहे आणि त्याच्या खरेदीसाठी मी नुकतीच इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा व केनियाची राजधानी नैरोबी येथे जाऊन आले. इंग्रजी पुस्तकांसाठी एवढ्या प्रवासाचे कारण नाही. आफ्रिकी प्रकाशकांनी १९८९ साली उभी केलेली ऑक्सफर्डची आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह ही संस्था आणि दक्षिणेकडील देशांपुरते केपटाउनचे क्लार्क्स बुकशॉप यांच्याकडून ती घरबसल्या मागवता येतात. अम्हारिक, तिग्रिन्या किंवा ओरोमो या इथिओपियातील भाषांमधील पुस्तक मात्र बहुधा आपल्याच शहरात विकले जाते आणि तिथेच संपते. जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, खरेदी करणाऱ्यानेच तालिकीकरणाचे, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीतील नोंदीचे, टिपण जागेवर करावे, कारण विक्रेता पुस्तकाविषयी जे दोन मिनिटांत सांगतो ते पुढे ग्रंथालयातील टेबलावर कितीही शोधले तरी हाती लागत नाही.

आदिस अबाबात पुष्कळ लेखक स्वतःच छापखान्याला पैसे देऊन पुस्तक काढतात. अशा पुस्तकावर प्रकाशकाचे नाव नसते, आयएसबीएन क्रमांकही अनेकदा नसतो. छापखान्याचे नाव तेवढे असते आणि घाईत तेच प्रकाशक म्हणून नोंदले जाते. दुकानांइतकेच महत्त्व फिरत्या विक्रेत्यांना आहे. डाव्या हातावर हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत तोलून ते कॉफीच्या दुकानांपुढून हिंडत असतात आणि मागितलेले पुस्तक चळतीच्या मधूनही अचूक ओढून काढतात. कोणते पुस्तक पुन्हा छापले आहे आणि कोणत्या पुस्तकाची केवळ मुखपृष्ठे बदलली आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ते पावती देत नाहीत. लेखा विभागासाठी आपले कोरे पावतीपुस्तक जवळ ठेवावे आणि त्यावर सही घ्यावी.

नोंद करताना सर्वांत जपावे ते प्रकाशनवर्षाला. इथिओपियाचे वर्ष ११ सप्टेंबरला, क्वचित १२ला, सुरू होते आणि इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे असते, म्हणून पुस्तकावरील २०१० हे साल २०१७ किंवा २०१८ असू शकते. आपण शकात ७८ किंवा ७९ मिळवतो तसाच हा हिशेब आहे. महिना छापलेला असेल तर प्रश्न सुटतो : मेस्केरेम, तिकिम्त व हिदार या पहिल्या तीन महिन्यांना सात मिळवावेत, पाचव्या तिर महिन्यापासून आठ, आणि मधल्या ताहसासमध्ये तारीख पाहावी. छापलेले साल आहे तसे नोंदवून इसवी सन चौकटी कंसात द्यावा. काही पुस्तकांवर इसवी सनच असतो. साल कोणत्या गणनेचे याची खूण शेजारी नसेल तर विक्रेत्याला विचारून तिथेच लिहून ठेवावे.

नावांचेही तसेच आहे. इथिओपियात आडनाव नसते. दुसरे नाव वडिलांचे असते. पंतप्रधान अबी अहमद यांची नोंद ‘अबी’खाली होते, ‘अहमद’ पुढे घेतले तर लेखक आपल्या वडिलांच्या नावाखाली हरवतो आणि वाचकाला कधीच सापडत नाही. अम्हारिकमध्ये काही अक्षरांचा उच्चार आता एकच राहिला असला तरी लेखनात ती वेगळी आहेत, त्यामुळे एकच शब्द दोन पुस्तकांवर दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. रोमन लिप्यंतर उच्चारावरून करू नये, शीर्षकपृष्ठावरील अक्षरांवरून करावे, आणि मूळ लिपीतील शीर्षक समांतर नोंदीत अवश्य द्यावे. ओरोमो पुस्तके १९९१ नंतर बहुतांशी रोमन लिपीतच छापली जात असल्याने तिथे हा त्रास नाही.

आदिस अबाबा विद्यापीठातील इथिओपियन अभ्यास संस्था १९६३ची. तिच्या ग्रंथालयात एक पूर्ण सकाळ द्यावी, कारण आपल्याकडे काय नाही हे तिथे उमगते. वेळ ठरवताना घड्याळ कोणते हे विचारावे : स्थानिक गणनेत सकाळचे नऊ म्हणजे तीन वाजलेले असतात. जुनी हस्तलिखिते कोणी कितीही आग्रहाने दाखवली तरी घेऊ नयेत; ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ती तिथेच राहावीत असे मला मनापासून वाटते. जून ते सप्टेंबर पावसाचा काळ असतो, तेव्हा पुस्तकांची खरेदी टाळावी.

नैरोबीत काम निराळे आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय तिथे १९६६ पासून आहे आणि ते सहाराच्या दक्षिणेकडील अनेक देशांची पुस्तके सहभागी ग्रंथालयांना पाठवते; मराठी पुस्तके ज्या दिल्ली कार्यालयामार्फत अमेरिकेतील विद्यापीठांत पोहोचतात, त्याचेच हे भावंड. निघण्यापूर्वी त्यांच्या नोंदी तपासल्या तर दुबार खरेदी टळते. आपल्यासाठी उरते ते दुकानात न येणारे साहित्य : गिकुयू आणि लुओ भाषांतील धार्मिक पुस्तिका, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके. हे छापील साहित्य काही आठवड्यांत नाहीसे होते, म्हणून माझा अधिक वेळ मी त्यालाच दिला. सप्टेंबरच्या सुमारास होणारा नैरोबीचा पुस्तक मेळा प्रकाशकांना एकत्र भेटण्यासाठी सोयीचा आहे.

खोकी भरण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालावी : कुठे घेतले, कोणत्या दिवशी, किती बिर किंवा शिलिंगांना, प्रकाशक कोण असे सांगितले गेले, साल कोणत्या गणनेचे. पुस्तिकांसाठी आम्लमुक्त पाकिटे इथूनच न्यावीत. चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून पुस्तकांच्या यादीसह त्याच रात्री ग्रंथालयाला पाठवावीत, म्हणजे खोकी समुद्रमार्गे येईपर्यंत प्राथमिक नोंदी तयार असतात.