आमची वाटचाल : हरभट रोडवरचे दुकान आणि आत्याचे लाटणे

१९९७ साली सांगलीत हरभट रोडवर दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही खेळाच्या साहित्याचे दुकान थाटले, तेव्हा क्रिकेटच्या बॅटी, कॅरमच्या सोंगट्या आणि बॅडमिंटन रॅकेटचे गटिंग एवढ्यावर ते चालेल, असा आमचा हिशेब होता. टेबल टेनिस दुकानात आले ते माझ्या आतेभावामुळे. भांडवलात त्याचा वाटा चौथाईचा होता आणि कष्टात निम्म्याहून अधिक. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, धोबी तलावच्या दुकानांतून सुटी ब्लेड, म्हणजे बॅटीचा लाकडी भाग, आणि त्यावर चिकटवायची रबरे आणायची आणि खेळणाऱ्याचा हात पाहून ती इथे जोडून द्यायची, ही कल्पना त्याचीच. रेडीमेड बॅटीची सवय असलेल्या गिऱ्हाइकांना तो खुळेपणा वाटला, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटला होता.

जोडणीची हत्यारे आम्ही इकडून तिकडून जमवली. रबर ब्लेडच्या कडेने कापायला साधी कात्री चालत नाही, रबराखालचा स्पंज दाबला जाऊन कड तिरकी येते. म्हणून चामडे कापायची कात्री आणली. सोनाराकडून जुना तराजू घेतला, कारण एकाच कंपनीचे, एकाच नावाचे ब्लेड कधी ८० ग्रॅम भरते तर कधी ९२, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला तो फरक लगेच कळतो. गोंद लावून वाळवलेले रबर ब्लेडवर बसवण्यासाठी आतेभावाने आत्याच्या स्वयंपाकघरातून लाटणे उचलून आणले. रबर ताणायचे नाही, फक्त टेकवत, हवा बाहेर काढत पुढे जायचे. ताणून बसवलेले रबर पुढे आकसते आणि कडेला लाकूड उघडे पडते. पुढे आम्ही कंपनीचे रोलर घेतले, पण ते लाटणे आजही गल्ल्याशेजारी आहे आणि नाजूक काम त्यानेच होते. आत्याला त्या बदल्यात दुसरे लाटणे मिळाले नाही, हे तिने शेवटपर्यंत ऐकवले.

मधली वर्षे बरी गेली. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००८ मध्ये स्पीड ग्लूवर, म्हणजे रबराची उसळी वाढवणाऱ्या उग्र वासाच्या गोंदावर, बंदी आली आणि शेजारच्या कापडवाल्यांची वासाची तक्रार कायमची मिटली. २०१४ मध्ये प्लास्टिकचे चेंडू आले आणि आमच्याकडची सेल्युलॉइडची दोन खोकी तशीच पडून राहिली. ती अजून आहेत.

ज्याबद्दल लिहायचे म्हणून मी खरा बसलो, ते २०१६ नंतरचे आहे. शहरात एक मोठे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्याचे मी मनापासून स्वागत केले आणि पेढेही पाठवले. महिन्याभराने तेथून निरोप आला की, मुले तुमच्याकडे पाठवू, मात्र प्रत्येक बॅटीमागे ठरावीक रक्कम केंद्राकडे पोहोचली पाहिजे. आम्ही नाही म्हटले. नकाराचे कारण नुसते तत्त्व नव्हते, हेही मान्य करतो. ती रक्कम देण्याइतका नफा आम्ही सुचवत असलेल्या बॅटीत उरतच नव्हता. सहा महिने खेळलेल्या मुलाला आम्ही पाच थरांचे निव्वळ लाकडाचे, ऑलराउंड, म्हणजे मध्यम वेगाच्या वर्गातले ब्लेड द्यायचो, उदाहरणार्थ स्टिगाचे ऑलराउंड क्लासिक, आणि दोन्ही बाजूंना १.८ मिलिमीटर स्पंजाचे मध्यम रबर. बहुतेक वेळा १९६९ पासून बाजारात असलेले यासाका मार्क फाइव्ह. त्यानंतर काही आठवड्यांतच दुसरे एक दुकान निघाले आणि त्याच मुलांच्या हाती कार्बनची, म्हणजे लाकडाच्या थरांत कार्बनचे कापड घातलेली वेगवान ब्लेड आणि २.१ मिलिमीटरची उसळत्या स्पंजाची रबरे दिसू लागली. एका संचाची किंमत वीस हजारांच्या घरात. आमची महिन्याची तीस-पस्तीस बॅटींची जोडणी वर्षभरात चार-पाचांवर आली.

पालक यायचे ते दर विचारायला, आणि मी त्यांना कार्बन नको म्हटले की त्यांना वाटे, याच्याकडे माल नाही. म्हणून ते तेव्हा न ऐकलेले आता सविस्तर लिहितो. वेगवान ब्लेडवरून चेंडू इतक्या लवकर निघतो की, तो रबरात रुतून फिरकी कशी घेतो हे मुलाच्या हाताला कळतच नाही. त्याचा पुश, म्हणजे हळूच ढकललेला चेंडू, लांब जातो, ब्लॉक, म्हणजे नुसती बॅट आडवी धरून परतवलेला, टेबलाबाहेर पडतो, मग ते मूल हात आखडून, अर्धाच स्विंग करून चेंडू कसाबसा टेबलावर ठेवू लागते, आणि तो आखडलेला हात पुढे पाच वर्षे सुटत नाही. उलट मंद ब्लेडवर फोरहँडला जोर यायचा तर पाय, कंबर आणि खांदा सगळे वापरावेच लागते. चिनी पद्धतीचे चिकट, कडक स्पंजाचे रबरही याच कारणाने नवख्याला देऊ नये, कारण पूर्ण स्विंग न करणाऱ्याला ते लाकडासारखे वाटते. बदल करायचा तर एका वेळी एकच करावा : आधी फोरहँडचे रबर १.८ वरून २.० करावे, बॅकहँड तसाच ठेवावा, आणि ब्लेडला हात लावण्यापूर्वी किमान एक हंगाम जाऊ द्यावा. मूठ हाताला बसते का, ते महागड्या पेटीत पाहून कळत नाही, हातात धरूनच कळते. आणि रबर मेले की नाही हे ठरवायला प्रशिक्षक लागत नाही. ओल्या स्पंजने पुसल्यावरही ते काचेसारखे चमकत असेल आणि बोटाला पकड लागत नसेल, तर ते मेले. बॅट उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांना मी काही सांगणे सोडले आहे.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने दोन सुवर्णांसह चार पदके मिळवली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर मुली बॅकहँडला तिच्यासारखे लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचे रबर, मागू लागल्या. बॅकहँडचा साधा परतफटकाही धड न येणाऱ्या मुलीला लाँग पिंपल देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला कृष्णेत उलट्या धारेला सोडण्यासारखे आहे. आतेभाऊ अशा वेळी १९५२ ची गोष्ट सांगे. मुंबईच्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला, तिचा आवाज होईना, चेंडूचा वेग समजेना, आणि भल्याभल्यांना हरवून तो विश्वविजेता झाला. पालकांचे डोळे चमकत. मग तो पुढचे सांगे की, एकेरीचे ते विजेतेपद सातोला पुन्हा कधी मिळाले नाही, आणि १९५९ मध्ये रबर आणि स्पंज मिळून ४ मिलिमीटरची मर्यादा आली, ती आजही आहे. एवढे ऐकूनही ते दुसऱ्या दुकानातच जात.

अशा अवस्थेत ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. २००५ च्या पुराची रेघ आम्ही भिंतीवर तैलरंगाने ओढून ठेवली होती आणि सगळा माल तिच्या हातभर वरच्या फळ्यांवर होता. या वेळी आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि आमची रेघ, फळी, सगळे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा गाळात रबराची पाकिटे फुगून पडली होती आणि ब्लेडचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. आतेभाऊ एक एक थर उचलून, हा बाहेरचा, हा मधला, असे म्हणत खुर्चीवर ठेवत होता. त्या दिवशी दुकान बंद करायचे आमचे ठरले होते.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. आमच्याकडून दोन बॅटी घेऊन मग दुसरीकडे गेलेले. त्यांच्याही घरात पाणी शिरले होते. मुलाची वीस हजारांची बॅट फुगली आहे, पुन्हा चिकटवता येईल का, असे त्यांनी विचारले. आतेभावाने ती उजेडात धरली, नखाने कड उचलली, आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवली. कार्बनचे विणलेले कापड भिजले तरी त्याची जाळी स्पष्ट दिसते. इथे मधे काळ्या रंगात बुडवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा होता आणि त्याचा रंग माझ्या अंगठ्याला लागला. गृहस्थांनी तो अंगठा पाहिला. ते त्या दुकानात भांडायला गेले की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे मात्र ते पुन्हा आले नाहीत. ओशाळलेले गिऱ्हाईक रागावलेल्याहून अवघड, हे मला तेव्हा समजले.

दुकान टिकले ते मिरजेच्या काकांमुळे. रेल्वेतून निवृत्त झालेले हे काका १९९८ पासूनचे आमचे गिऱ्हाईक. एकच पाच थरांचे ब्लेड, त्याची मूठ घामाने काळी पडलेली, आणि दर वर्षी रबराची एक नवी जोडी. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ते गाळ तुडवत आले, खिशातून पाकीट काढले आणि म्हणाले, “सहा जोड्यांचे आगाऊ घे लेका. माल आला की एकेक लाव.” आतेभाऊ म्हणाला, “काका, सहा वर्षांत रबराचे भाव कुठे जातील!” त्यावर ते म्हणाले, “मग तोटा तुझा.” ते पैसे आणि आत्याच्या बांगड्या एवढ्यावर आम्ही मुंबईचा पहिला माल उचलला.

तोटा खरेच आमचा झाला. भाव पुष्कळ वाढले. काकांच्या पाच जोड्या लावून झाल्या आहेत, सहावी यंदाची आहे. मागच्या रविवारी ते बॅट ठेवून गेले आणि जाताना सांगून गेले की, आता गुडघे ऐकत नाहीत, मागे सरकून खेळता येत नाही, तेव्हा या वेळी १.८ नको, १.५ लाव.