टेम्पलेट, पॉलिसी आणि हरवलेली कॉम्प्टन कडा : माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून मी किरणोत्सार मोजण्यासाठी वापरतात त्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गामा किरणाचा कण, म्हणजे फोटॉन, आपली ऊर्जा कशी सोडतो याचे सिम्युलेशन लिहायला घेतले. अशा कामासाठी जगभर वापरले जाणारे जिआंट-४ हे सॉफ्टवेअर मी आधी चालवून पाहिले होते. त्याच्या आधीची आवृत्ती फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत होती. सर्न या युरोपातील भौतिकी प्रयोगशाळेत १९९४ साली सुरू झालेल्या आरडी-४४ प्रकल्पातून ते सी प्लस प्लस या भाषेत नव्याने उभे राहिले आणि डिसेंबर १९९८ मध्ये बाहेर आले. त्यात प्रत्येक भौतिक प्रक्रिया एका मूळ क्लासपासून (डेटा आणि फंक्शन एकत्र ठेवणारा कोडचा घटक) निघते आणि मध्यवर्ती भाग तिला व्हर्च्युअल फंक्शनमार्फत हाक मारतो, म्हणजे नेमका कोणता कोड चालायचा हे प्रोग्राम चालू असताना ठरते. मीही तोच आराखडा उचलला.

फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून काही ऊर्जा गमावत विखुरतो, ती कॉम्प्टन प्रक्रिया. तिच्या माझ्या क्लासमध्ये दोन कामे एकत्र होती : आंतरक्रिया किती वेळा घडेल, म्हणजे क्रॉस सेक्शन, आणि घडल्यावर फोटॉन कोणत्या कोनात किती ऊर्जा घेऊन निघेल. क्रॉस सेक्शन देणारे क्लाइन-निशिना सूत्र इलेक्ट्रॉन मुक्त आहे असे धरते. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा विचार करणारे कोष्टक वापरून पाहायचे ठरवले, तेव्हा नवा क्लास काढून कोनाचा सगळा कोड पुन्हा उतरवावा लागला. दोन क्रॉस सेक्शन आणि कोनाच्या दोन पद्धती मिळून चार क्लास झाले, आणि एकात केलेली दुरुस्ती उरलेल्या तिघांत करायची राहून जाऊ लागली.

मे महिन्याच्या सुट्टीत रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडताना मला या गुंत्यातून वाट दिसली. १६ मिलिमीटरचा जोड नळी कोणत्या कंपनीची आहे हे पाहत नाही. व्यास जुळला की तो बसतो, आणि जुळला नाही तर पाणी सोडण्याआधी, हातात असतानाच कळते. जेनेरिक प्रोग्रामिंगचा, म्हणजे टाइप आधी न ठरवता कोड लिहिण्याचा, गाभा मला तिथे उमगला. टेम्पलेटला, म्हणजे टाइप नंतर भरायचा अशा कोडच्या साच्याला, दिलेल्या क्लासचे कूळ कोणते हे महत्त्वाचे नसते, त्याच्याकडे हवे ते फंक्शन असले की पुरे, आणि ते आहे की नाही याची तपासणी कंपाइल होतानाच होते.

मग मी प्रक्रियेचा एकच क्लास टेम्पलेट म्हणून लिहिला आणि त्याला दोन पॉलिसी, म्हणजे एकेकच काम सांभाळणारे छोटे क्लास, बाहेरून दिल्या, एक क्रॉस सेक्शनची आणि दुसरी अंतिम स्थितीची, म्हणजे विखुरल्यानंतरच्या कोनाची आणि ऊर्जेची. चार क्लासऐवजी चार छोटे, स्वतंत्र तुकडे उरले, आणि कोणतीही जोडी एका ओळीत जुळवता येऊ लागली. याहून मोठा लाभ चाचणीत झाला. स्फटिक, भूमिती, फोटॉनचा प्रवास यांपैकी काहीही न उभारता अंतिम स्थितीची पॉलिसी एकटी तपासता आली : सीझियम-१३७ चा ६६२ केइव्हीचा (किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) फोटॉन ९० अंशांत विखुरला तर सुमारे २८८ केइव्ही आणि सरळ मागे फिरला तर सुमारे १८४ केइव्ही घेऊन निघाला पाहिजे, आणि तो तसाच निघाला. कॉन्स्टसारखा एखादा छोटा शब्द विसरला की येणारे पानभर लांबीचे एरर वाचणे मात्र त्रासाचे होते. सी प्लस प्लस २० मधील कन्सेप्ट, म्हणजे टेम्पलेटला दिलेल्या टाइपकडे काय हवे हे सांगणाऱ्या अटी, वापरू लागल्यावर ते पुष्कळ आवाक्यात आले.

यानंतरची चूक मला सर्वांत जास्त शिकवून गेली. सगळे विनातक्रार कंपाइल झाले, चाचण्या उत्तीर्ण झाल्या, पण वर्णपटात, म्हणजे स्फटिकात सोडलेल्या ऊर्जेच्या आलेखात, ६६२ केइव्हीचे शिखर तेवढे उभे होते. ४७७ केइव्हीपाशी संपणारा कॉम्प्टनचा पसारा आणि त्याची कडा दिसतच नव्हती. दोन दिवसांनी आंतरक्रियेची खोली मोजली, तेव्हा प्रत्येक फोटॉन पहिल्या काही मायक्रॉनांतच थांबत असल्याचे आढळले, वास्तविक या ऊर्जेला सरासरी मुक्त मार्ग (आंतरक्रिया होईपर्यंतचे सरासरी अंतर) साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असायला हवा होता. क्रॉस सेक्शनचे कोष्टक केइव्हीत होते आणि बाकीचा प्रोग्राम, जिआंट-४ प्रमाणेच, एमइव्हीत, म्हणजे हजार केइव्हीच्या एककात. ०.६६२ हा आकडा कोष्टकाच्या खालच्या टोकालाही, म्हणजे १ केइव्हीलाही, पोहोचत नसल्याने तिथलीच पहिली नोंद उचलली जात होती, आणि तितक्या कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम, ज्यात फोटॉन एका झटक्यात शोषला जातो, इतका प्रबळ असतो की कॉम्प्टनला संधीच मिळत नाही. नळीचा व्यास जुळला होता, दाब जुळला नव्हता. दोन्ही बाजूंना साधी दशांश संख्याच असल्यामुळे कंपाइलरला अर्थातला फरक कळणे शक्य नव्हते.

उपायही टेम्पलेटमधूनच निघाला. ऊर्जेसाठी मी वेगळा टाइप केला, ज्यात एकक टाइपचाच भाग आहे. आता केइव्हीच्या जागी एमइव्ही दिला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

वेगात फरक पडला, पण माझ्या अपेक्षेइतका नाही, कारण बराच वेळ लॉगरिदम आणि यादृच्छिक संख्यांवर जात होता. शिवाय मॉडेल कंपाइल करतानाच ठरत असल्याने प्रोग्राम चालू असताना ते बदलता येत नाही. म्हणून सर्वांत बाहेरच्या पातळीवर, जिथे कोणत्या प्रक्रिया घ्यायच्या हे इनपुट फाइल ठरवते, तिथे व्हर्च्युअल फंक्शन मी तसेच ठेवले आहे, आणि त्याच्या आतल्या प्रत्येक प्रक्रियेत पॉलिसी.