रतनवाडीला जाताय? शेंडीपर्यंतचं सोडा, पुढचं बघा

रतनवाडी म्हणजे रतनगडाच्या पायथ्याचं गाव. गड भारी आहे, गावातलं अमृतेश्वराचं मंदिर त्याहून भारी. दोन्हींवर नेटवर ढिगाने लिहिलंय, ते तिथे वाचा. मी लिहितोय ते भंडारदरा धरणाजवळच्या शेंडीपासून रतनवाडीपर्यंतच्या वीसेक किलोमीटरबद्दल, कारण पाठ अजून दुखतेय आणि डोकंही शांत झालेलं नाही.

निघण्याआधी एका संकेतस्थळावर गावाची माहिती पाहिली. लोकसंख्या, घरं, साक्षरता आणि खाली ‘बससेवा: आहे’, ‘रेल्वे स्थानक: 10 किमीपेक्षा जास्त’. ही पानं बहुतेक 2011च्या जनगणनेतून उचललेली असतात. सोय गावात नसेल तर त्या नोंदींत अंतराचे तीनच गट: 5 किमीच्या आत, 5 ते 10 आणि 10च्या पुढे. म्हणजे स्टेशन अकरावर असलं काय नि साठावर असलं काय, रकाना तोच. इगतपुरीहून रतनवाडी साठाच्या वर भरते! बस किती वाजता, दिवसातून किती वेळा, पावसात येते का, याचा तिथे पत्ता नाही. माणसांचा आकडाही तेव्हाचाच. 2021ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027त. जेवायला ज्यांच्याकडे थांबलो त्या मावशी म्हणाल्या, “भात काढून झाला का निम्मं गाव नारायणगावला मजुरीला जातं. तवा मोजलं तर म्हातारी माणसंच घावतील.”

इगतपुरी-घोटी-बारी-शेंडी हा टप्पा सोपा. मुंबईकरांनी लोकलने कसाऱ्याला उतरून घाटात वेळ घालवू नये. मेल-एक्स्प्रेसने थेट इगतपुरी गाठावी. घोटीहून पुढे एसटी किंवा वडाप (शेअर जीप) मिळतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. पुण्याकडून येणाऱ्यांनी संगमनेर-अकोले-राजूर धरावं.

खरी गंमत शेंडीच्या चौकात. जीपवाल्याने एका बाजूचे 1800 सांगितले. “सीटा भरत नाहीत, स्पेशलच करावी लागंल.” घासाघीस करून 1500वर आला. मुतखेलच्या अलीकडे आमच्याच ‘स्पेशल’मध्ये तांदळाचं पोतं घेऊन दोघं चढले, पन्नास-पन्नास देऊन कोलटेंभ्याला उतरले. आम्ही बघतच राहिलो. त्यानंतर गाडी थांबवून साहेब म्हणतात, “रस्ता बघताय ना, तीनशे वाढवा.” म्हणजे फिरून 1800च.

रस्त्याबद्दल मात्र तो खोटं बोलत नव्हता. डावीकडे डोंगर, उजवीकडे भंडारदऱ्याचा जलाशय, आणि मधे डांबराची ठिगळं. खड्डे पाण्याने भरलेले, त्यामुळे चाक आत गेल्यावरच खोली कळते. एका वळणावर कडेचा भरावच खचला होता. तिथे आम्हाला खाली उतरवून त्याने रिकामी गाडी काढली. स्वतःची छोटी कार घेऊन पावसाळ्यात हा रस्ता करू नका. ऑक्टोबरातही नको. दुचाकी चालेल, पण अंधारात अजिबात नाही.

जायचंच असेल तर दुपारच्या आत शेंडीला पोचा. भाडं माणशी नाही, अख्ख्या गाडीचं ठरवा, परतीसकट, आणि अर्धे पैसे परतल्यावरच द्या. वाटेत कोणी चढलं तर त्याचे पैसे आपल्या भाड्यातून वजा, हे आधीच बोलून घ्या. जीपवाला हसतो, पण ऐकतो. पाणी भरपूर असेल तेव्हा जलाशयातून होडीही मिळू शकते, आधी चौकशी करा. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जून, भावाचं नावच काढू नका. शनिवार-रविवार तर टाळाच.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क लागतं, सुट्टे पैसे ठेवा आणि पावती मागून घ्या. पुढे मोबाइलला रेंज भरवशाची नाही, तेव्हा परतीच्या जीपची वेळ फोनवर नाही, तोंडीच पक्की करा. शिवाय राहायच्या घरातल्या माणसासमोर करा. गावातल्याला दिलेला शब्द जीपवाले सहसा मोडत नाहीत.