बंगळूर: शनिवारी पहाटे, मेट्रोने आणि पायी

नोकरीसाठी बंगळूरला आलं की पहिल्या सुट्टीत लालबाग, पॅलेस, मल्लेश्वरम असं सगळं एका दिवसात उरकायचा बेत होतो. कॅब ठरते आणि निम्मा दिवस सिग्नलवर जातो. त्यापेक्षा एका सुट्टीला एकच भाग धरा. मेट्रोने जा, तिथे पायी हिंडा आणि अकरापर्यंत आटपा. पावसाळ्यात तर हे पाळाच, इथला पाऊस बहुतेकदा दुपारनंतर गाठतो.

सुरुवात के. आर. मार्केटपासून करावी, आणि तीही शनिवारी. रविवारी मेट्रो सकाळी सातला सुरू होते, तोवर फुलांच्या बाजारातली खरी धांदल ओसरलेली असते. शनिवारी पाचची पहिली गाडी पकडा. ग्रीन लाइनवर के. आर. मार्केट याच नावाचं स्टेशन आहे. चपला घालून जाऊ नका. खाली पाणी, देठ आणि तुडवलेल्या पाकळ्यांचा चिखल असतो, पाय हमखास घसरतो. पकड असलेले बूट हवेत. फोटोसाठी बोळाच्या मधोमध थांबू नका, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या हमालाला थांबता येत नाही. आधी जिना चढून वरच्या मजल्यावर जा. तिथून खाली झेंडू-शेवंतीचे ढीग आणि भोवतीची घासाघीस निवांत बघता येते.

सुटी फुलं किलोवर मिळतात, ओवलेली मोळावर. मोळ म्हणजे आपला हात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. विकणारी अक्का स्वतःच्याच हाताने मापते, त्यामुळे दोघींचा मोळ सारखा भरत नाही. भाव विचारताना तिच्या हाताकडेही बघा. ‘ओंदु मोळ एष्टु?’ एवढं कन्नड पुरतं. मल्लिगे म्हणजे मोगरा, कनकांबर म्हणजे अबोली. सणाच्या आदल्या दिवशी भाव चढतात.

तिथून जुन्या पेठांत शिरा. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, गाणिगरपेट तेल्यांची, कुंभारपेट सांगायलाच नको. पुण्याच्या काही पेठांची नावं वारांवर, इथली व्यवसायांवर. चिकपेटची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, शनिवार धरण्याचं हे दुसरं कारण.

न्याहारी दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात करा. आधी गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यायचं, मग ते काउंटरवर द्यायचं आणि उभ्यानेच खायचं. टेबलाशी कोणी विचारायला येईल म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. खारा बात (आपला उपमा) आणि केसरी बात (शिरा) एकाच ताटलीत हवा असेल तर ‘चौ चौ बात’ मागा. सांबार गोडसर लागतं, त्यात गूळ असतो. कॉफी दोघांत एक हवी असेल तर ‘बाय टू’ म्हणा.

दुसरा शनिवार मल्लेश्वरमसाठी ठेवा. मराठी माणसाने हा भाग चुकवू नये. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी इथल्या काडु मल्लेश्वर देवळाला एक गाव इनाम दिल्याची नोंद 1669 च्या शिलालेखात आहे. मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्टेशनवरून देवळापर्यंत संपिगे रस्त्याने चालत वीसेक मिनिटं लागतात. देवळासमोरच नंदीतीर्थ हे दुसरं देऊळ आहे. ते मातीखाली गाडलेलं होतं, 1997 मध्ये उकरल्यावर सापडलं. नंदीच्या तोंडातून येणारी पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडत असते. तिथल्या पायऱ्यांवर दहा मिनिटं तरी बसा. दुपारी देवळं बंद होतात, म्हणून इथेही सकाळीच यायचं.

बसवनगुडीला नॅशनल कॉलेज स्टेशनवर उतरा. गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात (1943 पासून) शनिवार-रविवारी डोशासाठी बराच वेळ ताटकळावं लागतं, शुक्रवारी ते बंद असतं. उघडायच्या वेळेलाच जा. पुढे चालत बसवण्णाचं देऊळ, एकाच दगडातला प्रचंड नंदी. तिथली कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरते. पंचांग आपलंच, अमान्त, त्यामुळे तारीख घरच्या कॅलेंडरवरूनही काढता येते. सोमवारी रजा नसेल तर आदला शनिवार-रविवार गाठा, दुकानं तेव्हापासूनच मांडलेली असतात. कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या शेंगा शेराच्या मापाने मिळतात. पिशवी घरून न्या.