गळतीवर लिहिता लिहिता आलेली कामे : एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अनुभव

डोंबिवलीत स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला, तेव्हा मला कामे मिळत ती दोनच वाटांनी : ओळखीच्या आर्किटेक्टकडून किंवा दुरुस्तीच्या कंत्राटदाराकडून. यातली दुसरी वाट मला पहिल्यापासून खटकत असे, कारण ज्याच्या कामाची तपासणी मी करायची त्यानेच मला काम मिळवून द्यायचे, तर सोसायटीच्या बाजूने बोलणारे कोणी उरतच नाही. सोसायटीच्या कमिटीने थेट माझ्याकडे यायला हवे होते आणि त्यासाठी तिला मी माहीत असायला हवी होते. वकील किंवा सनदी लेखापाल यांच्यावर जाहिरातीची जी बंधने आहेत, तशी आम्हा इंजिनिअरांवर नाहीत; तरीही ‘तुमची इमारत सुरक्षित आहे का?’ असा फलक चौकात लावून लोकांच्या भीतीवर कामे मिळवणे मला पटणारे नव्हते. म्हणून मी स्वतःच्या संकेतस्थळावर मराठीतून लेख लिहायचे ठरवले. त्या लेखांतून वाचक कसे आले, आणि त्यांच्यातले पक्षकार, म्हणजे मला काम देणारे, कोण झाले, ते इथे मांडते आहे.

विषय शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल समजावून सांगण्यासाठी सर्वसाधारण सभेत उभे राहिले की सभासद जे प्रश्न विचारतात, ते मी डायरीत त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवत असे. ‘वरच्यांच्या बाथरूममधून गळतंय, तर खर्च कोणाचा?’ ‘पालिकेची नोटीस आली म्हणजे घर खाली करावं लागणार का?’ ‘तीन कोटेशनांत एवढा फरक कसा?’ यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एकेक लेख होता. मथळाही शक्यतो त्याच शब्दांत ठेवायचा, हे मी ठरवूनच टाकले. कारण गुगलवर शोधणारा माणूस ‘आर्द्रताजन्य संरचनात्मक ऱ्हास’ असे टाइप करत नाही, तो ‘स्लॅबमधून पाणी गळते उपाय’ असे टाइप करतो.

गळतीवरचा पहिला लेख मी इंजिनिअर न बोलावता घरच्या घरी काय ओळखता येते यावर लिहिला. छताला ओल केव्हा वाढते, हे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. ओल दिवसरात्र सारखीच राहत असेल आणि वरच्या घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवल्यावर थेंब थांबत असतील, तर दोष बहुधा दाबाच्या पाण्याच्या पाइपात असतो. वरच्यांच्या आंघोळीनंतरच थेंब सुरू होत असतील, तर नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालचा सांधा किंवा बाथरूमचे वॉटरप्रूफिंग तपासावे. फक्त पावसात गळत असेल, तर टेरेसचा कोबा, पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) कोपरा किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग पाहावी. त्याच लेखात खर्चाचाही खुलासा केला : गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभारासाठी ठरवून दिलेल्या आदर्श उपविधींनुसार टेरेसमधून आणि सामाईक पाइपांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तर सदनिकेतल्या बाथरूम-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. ‘हे सगळं फुकट सांगितलंस तर तुला बोलावणार कोण?’ असे एका व्यावसायिक स्नेह्याने मला विचारलेही. परंतु ज्याचे काम प्लंबरवर भागते त्याने मला बोलावून फी भरावी, असे मला कधीच वाटले नाही. आणि ज्याचे भागत नाही, त्याला ही बाई आपल्याला उगाच खर्चात पाडणार नाही, एवढे त्या लेखावरून कळत होते.

दुसरा महत्त्वाचा लेख कायद्याचा होता. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याची तरतूद मुंबईसाठी महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब मध्ये, तर ठाणे, कल्याण-डोंबिवली यांसारख्या इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ मध्ये आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याहून लवकरचे वेळापत्रक दिलेले आहे : इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, आणि त्यानंतर तीन वर्षांतून एकदा. पालिकेच्या नोटिशीत इमारतीची धोक्यानुसार जी वर्गवारी असते, तिनेही लोक हवालदिल होतात. म्हणून मी प्रत्येक वर्गाचा अर्थ एकेका वाक्यात लिहिला. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-2ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करायची, सी-2बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती करता येण्याजोगी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. हा लेख बाकी महिने फारसा कोणी उघडत नाही. एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याआधीच्या नोटिसा निघू लागल्या की मात्र तो वाचकांच्या मोबाइलवरून फिरू लागतो.

तरी लोकांच्या लक्षात सगळ्यात जास्त राहिला तो एक फोटो. काँक्रीट ताजे असते तेव्हा ते तीव्र अल्कलीधर्मी असते आणि त्या अल्कलीमुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हा अल्कलीपणा कमी होतो. हा परिणाम सळईपर्यंत पोहोचला की गंज धरायला वाट मिळते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने वरचे काँक्रीट फुगून फुटते, आणि आपण त्यालाच ‘पोपडा आला’ म्हणतो. हे शब्दांत सांगून सभेला कधी पटले नव्हते. एका कॉलमचा कोपरा ताजा फोडून मी त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले (अल्कली शाबूत असेल तिथेच ते गुलाबी होते), शेजारी मोजपट्टी धरली आणि जवळून फोटो काढला. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला. बाहेरचा पट्टा मात्र तसाच करडा राहिला आणि सळई नेमकी त्या करड्या पट्ट्यात होती. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, नावाचा फलक आणि ओळख पटेल असा कुठलाही भाग वगळून, मी तो फोटो लेखात घातला. ‘नुसतं प्लास्टर मारून भागेल का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या फोटोने दिले.

संकेतस्थळाच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात सांगते. माझे जुने अहवाल डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या पद्धतीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेले होते आणि तो मजकूर जसाच्या तसा वेबवर टाकला तर शोधयंत्राला वाचता येत नाही. त्यामुळे सगळे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणे भागच होते. फोटो लहान करून चढवले, कारण वाचक मोबाइलवरचे असतात आणि पान उघडायला वेळ लागला तर ते परत फिरतात. गुगल सर्च कन्सोल मात्र पहिल्या दिवसापासून जोडावे, असे मी आग्रहाने सांगेन. लोक नेमके कोणते शब्द टाइप करून आपल्या पानापर्यंत आले, पान किती वेळा दिसले आणि त्यातून किती जणांनी ते उघडले, हे त्यात दिसते, आणि तेही विनामूल्य. तिथली मागची माहिती सोळा महिन्यांपर्यंतच राहते, म्हणून मी ती दर तिमाहीला उतरवून ठेवते. त्या यादीतूनच मला कळले की बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधतात, आणि ‘लीकेज’, ‘प्लास्टर’, ‘वॉटरप्रूफिंग’ हे शब्द ‘गळती’, ‘गिलावा’ यांच्यापेक्षा फार जास्त वेळा टाइप होतात. तेव्हापासून मी लेखांत दोन्ही शब्द नैसर्गिकपणे येतील असे पाहते. पहिला पावसाळा जवळपास शुकशुकाटात गेला. नव्या संकेतस्थळावरचे लेख शोधात वर यायला काही महिने लागतात आणि त्या काळात हुरूप टिकवण्याचे बळ मला डायरीतल्या प्रश्नांनीच दिले.

आता वाचक आणि पक्षकार यांच्यातल्या फरकाविषयी, कारण या अनुभवातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. गळतीवरच्या लेखाला वाचक भरपूर मिळाले, आजही मिळतात. पण त्यातून कामे फारशी येत नाहीत. तो वाचक स्वतःच्या घरातल्या ओलीने त्रासलेला असतो आणि त्याचे उत्तर त्याला लेखातच मिळालेले असते. याउलट ‘दुरुस्तीची कोटेशने कशी तपासावीत’ हा लेख फार थोड्यांनी वाचला, आणि माझी बहुतेक मोठी कामे त्याच्यातून आली. तो लेख शोधणारा माणूस सोसायटीचा सचिव किंवा खजिनदार असतो; त्याच्या टेबलावर तीन लिफाफे असतात, त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नसतात, आणि सभेत त्याला त्याचे उत्तर द्यायचे असते. एक कोटेशन ठोक रकमेचे, दुसरे चौरस फुटाच्या दराचे, तिसऱ्यात सळईचा गंज काढून त्यावर लेप देण्याचा उल्लेखच नाही, असे ते असते. अशा वेळी आधी इंजिनिअरने इमारत मोजून कामांची आणि परिमाणांची एकच यादी तयार करावी, सर्वांकडून त्याच यादीवर दर मागवावेत, देयके प्रत्यक्ष मोजमापावर द्यावीत, आणि बिलातली काही रक्कम दोषदायित्वाचा कालावधी (कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपेपर्यंत राखून ठेवावी, हे मी नमुन्याच्या तक्त्यासह लिहिले होते. काही कंत्राटदारांना तो लेख आवडला नाही, तसे त्यांनी मला फोन करून सांगितलेही. तो लेख आजही जसाच्या तसा आहे.

त्यानंतर गळतीच्या लेखात योग्य ठिकाणी मी दोन वाक्ये घातली : एकाच घरात नव्हे तर अनेक घरांत ओल दिसत असेल, कॉलमला उभ्या भेगा दिसत असतील, तर हा प्रश्न सदनिकेचा नसून इमारतीचा आहे, आणि तो कमिटीपुढे न्यावा. तिथून कोटेशनच्या लेखाकडे दुवा दिला. एवढ्या बदलाने त्रासलेला सभासद सचिवापर्यंत आणि सचिव माझ्यापर्यंत येऊ लागला.

येणारे फोनही बदलले. पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘मॅडम, चौरस फुटाला किती घेता?’ कल्याणच्या एका सोसायटीच्या सचिवबाईंनी मात्र पहिल्याच फोनवर विचारले, “मॅडम, तुमचा कोटेशनचा लेख आम्ही सभेत वाचून दाखवला. आमच्याकडे कामांची यादीच नाही, ती आधी करून द्याल का?” त्या सोसायटीत पहिल्या भेटीला गेले तेव्हा कमिटीने जुने नकाशे, मागच्या दुरुस्तीची बिले आणि कोणत्या घरात कुठे ओल आहे याची मजलावार नोंद तयार ठेवली होती, कारण हे सगळे लागते असे लेखात लिहिलेले होते. ज्यांना फक्त पालिकेला दाखवायला प्रमाणपत्र हवे असते, ते लेख वाचून आपोआप दुसरीकडे जातात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. फीबद्दलही मी एक पान केले. आकडा दिला नाही, पण फी कशावर ठरते ते स्पष्ट केले : इमारतीचे क्षेत्रफळ, चाचण्यांची संख्या, काँक्रीटचा कोअर (छिद्र पाडून काढलेला नमुना) काढावा लागणार आहे की रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या न फोडता करायच्या चाचण्यांवर भागणार आहे, दुरुस्तीच्या काळात देखरेख हवी आहे की नाही. घासाघीस त्यामुळे पुष्कळच कमी झाली.

लेख लिहून झाला की संपला असे या विषयात चालत नाही. नियम बदलतात, चाचण्यांच्या भारतीय मानकांची फेरमांडणी होते आणि जुना संदर्भ देणारा लेख वाचून एखाद्या कमिटीने ठराव केला तर त्याची जबाबदारी माझ्यावर येते. म्हणून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर मी शेवटच्या तपासणीची तारीख देते. वेळापत्रकही आता सोसायट्यांच्या वर्षाप्रमाणे बसले आहे. नोटिशीवरचा लेख मार्चमध्ये तपासून घेते, गळतीचा मेच्या अखेरीस. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायच्या असतात आणि दुरुस्तीची खरी कामे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून सुरू होतात. त्यामुळे कोटेशनच्या लेखाची उजळणी जुलैतच पूर्ण करते, म्हणजे सभेची नोटीस काढण्याआधी तो सचिवांच्या हाती पडतो. यंदा त्याला ‘दुरुस्ती की पुनर्विकास’ या लेखाची जोड द्यायची आहे. सभेत सर्वांत जास्त आवाज चढतात ते याच प्रश्नावर आणि डायरीतली सगळ्यात जास्त पानेही त्यानेच भरलेली आहेत.