एक मोजा जास्त

शाळेच्या महोत्सवाच्या अंकासाठी 'शाळेने काय दिलं' यावर लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. गणित दिलं नाही, हे मंडळातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. पीटीचे सर मात्र दिले. फौजेचं खूळ त्यांनीच डोक्यात भरवलं.

२००२ मध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर फौज आणून उभी केली होती त्या काळात, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरताना स्फोट झाला आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. युद्ध झालंच नाही, तर हा जखमी कुठे झाला, असं लोकांना अजून वाटतं.

कृत्रिम हातपाय बसवणारं पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं. स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकावर, क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधायचं, खाली घट्ट आणि वर सैल, हे तिथे शिकलो. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली तर आपण वेडे झालो असं समजायचं नाही, हेही तिथलंच. मुरलीकांत पेटकरांचं नाव निघायचं. १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा जवान १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. ऐकून छाती फुगायची. पण आम्हाला पदक नको होतं, संडासात उकिडवं बसता यायला हवं होतं.

इंदूरला परतल्यावर घरचे मला उठूच देईनात. सर आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "उद्या सकाळी मैदानावर ये." पोरांच्या धावण्याची वेळ घ्यायला स्टॉपवॉच हातात दिलं. खुर्ची दिली नाही.

महूची लष्करी छावणी जवळ असल्याने आपल्या भागात फौजी पुष्कळ. कोणी नवा जखमी होऊन आला की मी जाऊन बसतो. बऱ्याचदा ऐकू येतं, "भिया, पाय कपाटात ठेवलाय, टोचतो." टोचणारच! दिवसभरात स्टंप आकसतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, सैल पडतं, संध्याकाळी स्टंपवर एक मोजा जास्त चढवावा लागतो. मे महिन्यात घामाने पाय निसटतो. मध्येच काढून, पुसून पुन्हा घालायचा. सांगायला पाच मिनिटं लागतात, पण न सांगितल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं कुबड्यांवर राहतात. मग अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाचे कागद एका फायलीत लावून देतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेच जास्त उपयोगी पडतं.

जाता जाता एक मागणी. शाळेच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चढताना हाताशी येतो, उतरताना पलीकडे जातो. महोत्सवाच्या निधीतून दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या.